मथुरेच्या शेणाला ताप येतो

चंद्रावर एक म्हैस होती आणि त्याचं आता कोणालाच नवल वाटत नव्हतं.

तिचं नाव मथुरा. जात पंढरपुरी, रंग काळा, शिंगं तलवारीसारखी, थेट पाठीपर्यंत गेलेली. सन २०७१ मध्ये कोल्हापूरची पंचवीस-तीस कुटुंबं चंद्रावरच्या नव्या वसाहतीत राहायला निघाली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. दूध डब्यातलं चालणार नाही. कोल्हापुरात माणूस कट्ट्यावर जातो, म्हशीसमोर उभा राहतो आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून घेतो. जे पृथ्वीवर चालतं ते चंद्रावर का चालू नये, असं त्यांचं म्हणणं. यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत सगळे दमले आणि म्हैस मंजूर झाली.

वसाहतीला कोल्हापूरच्या तळ्यावरून ‘रंकाळा’ हे नावही त्यांनीच दिलं. काचेच्या घुमटाबाहेर एक मोठं विवर (उल्का आदळून पडलेला खड्डा) होतं. त्यात पाणी नव्हतं आणि कधी असणारही नव्हतं. तरी रविवारी संध्याकाळी लोक अवकाशपोशाख चढवून त्याच्या काठाकाठाने फिरून येत आणि आज गर्दी फार होती, असं एकमेकांना सांगत.

मथुरा सुखात होती. तिला खायला तबकांमध्ये, मातीशिवाय, नुसत्या क्षार घातलेल्या पाण्यावर वाढवलेला मका मिळे. दूधही भरपूर द्यायची. अडचण दुधाच्या बाजूला नव्हती. अडचण मागच्या बाजूला होती.

म्हैस रोज पंधरा किलो शेण टाकते. पृथ्वीवर ते खाली पडायला अर्धा सेकंद लागतो, चंद्रावर सव्वा सेकंद, पण शेवटी पडतंच. ते वाळवून, पिशव्यांत भरून दर रॉकेटने पृथ्वीवर परत पाठवलं जाई. पृथ्वीवरची माणसं पिशव्या उतरवून घेत आणि नम्रपणे कळवत की हे आमच्याकडे आहे.

शेवटी वसाहतप्रमुख लीना वाघमारे यांनी सभा बोलावली.

“मी म्हशीच्या विरुद्ध नाही,” त्या म्हणाल्या. “मी शेणाच्या विरुद्ध आहे. पण एक ठेवून दुसरं बंद करायची सोय नाही. नव्वद दिवसांनी रॉकेट येतंय. त्यातून मथुरा परत जाईल.”

सभेतल्या लोकांनी हातातले दुधाचे पेले खाली ठेवले. मग अकरा वर्षांच्या मैथिली चौगुलेनं हात वर केला. तिचे बाबा सकाळी मथुरेची धार काढत आणि उरलेला दिवस वसाहतीची वीज सांभाळत. मैथिली एकोणतीसपर्यंतचे सगळे पाढे मथुरेच्या पाठीवर बसून शिकली होती.

“मॅडम, शेणाचं खत होतं,” ती म्हणाली. “बागेच्या खोलीत चंद्राच्या धुळीचे वाफे केलेत, त्यांत काही धड वाढत नाही. शेण घालून वाढलं तर?”

वाघमारे मॅडमनी विचार केला. त्या कडक होत्या, पण विचार करायच्या.

“ठीक आहे. नव्वद दिवसांत मला चंद्राच्या मातीतली मेथी खायला घाल. मथुरा राहील. नाही जमलं तर जाईल. आणि मग रडायचं नाही, कोणीच.”

शेवटचं वाक्य त्या मोठ्या माणसांकडे बघून बोलल्या.

मैथिलीनं त्याच दिवशी कामाला सुरुवात केली. मदतीला सिस्टर होती. सिस्टर म्हणजे वसाहतीच्या दवाखान्यातला परिचारिका-रोबो. पण रंकाळ्याचे लोक रोज धारोष्ण दूध पिऊन इतके ठणठणीत होते की वर्षभरात तिच्याकडे चारच रुग्ण आले आणि त्यातले दोन म्हणजे एकच माणूस होता. म्हणून तिला गोठ्यातही काम दिलं होतं. सवय मात्र सुटली नव्हती. समोर जे येईल त्याचा ती आधी ताप बघायची.

बागेच्या खोलीत दोन वाफे होते. मैथिलीनं दोन्हींत ताजं शेण आणि गोठ्यातलं मूत भरभरून घातलं. अर्धी धूळ, अर्धं शेण. प्रेमानं केलेल्या कामात मापाकडे कोण बघतं. वर मेथीदाणे पेरले, पाणी घातलं आणि वाट पाहिली.

चौथ्या दिवशी मेथी उगवली. आठव्या दिवशी पिवळी पडली. दहाव्या दिवशी आडवी झाली.

मैथिलीला काही कळेना. पृथ्वीवरचे शेतकरी हजारो वर्षं शेतात शेणखत घालत आले. मग तिच्याच मेथीला काय झालं? खत घातल्यावर झाड मरतं कसं?

तिने आबांना फोन लावला. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. विश्वास चौगुले. कागलला राहणारे निवृत्त मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ). चंद्रावरून पृथ्वीवर आवाज पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर परत यायला तितकाच. आबांना अडीच सेकंद गप्प बसायची सवय नव्हती, त्यामुळे ते नेहमी मागच्या प्रश्नाच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर देत असत.

“आबा, मेथी मेली.”

“मी बरा आहे. तू कशी आहेस?” आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “मेली? काय घातलंस गं?”

“शेण.”

“ताजं?”

“आजचं आजच.”

अडीच सेकंद झाले. मग पाच झाले. आबा हसत होते.

“पोरी, अगं शेण म्हणजे खत नव्हे. शेण म्हणजे खताचा शिधा. गव्हाचं पोतं पाहुण्यापुढे ठेवून जेवा म्हणालीस तर तो काय करेल? तुझी मेथी तशी मेली. ताज्या शेणामुतात नत्र (झाडाला हिरवं ठेवणारा घटक) भरपूर असतो, पण तो कच्चा. त्यातून अमोनिया (नाकाला झोंबणारा वायू) सुटतो आणि कोवळी मुळं भाजतात. शिवाय शेणात सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतात, एका चमचाभर शेणात अब्जावधी. ते तिथेच जेवायला बसले. मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजनही त्यांनीच ओढून घेतला. त्यांची पंगत वाफ्यात नाही बसवायची. बाहेर बसवायची. जेवणं उरकली की मग जे उरतं ते वाफ्यात घालायचं. त्याला म्हणायचं खत.”

“मग पंगतीला काय वाढू?”

“बाहेर बरी हवा आहे,” आबा म्हणाले. हे कशाचं उत्तर होतं ते दोघांनाही कळलं नाही. “हां, वाढायचं काय? बघ, शेण म्हणजे तांबडा रस्सा. नुसता रस्सा पिऊन कोणाचं पोट भरलंय? सोबत भाकरी पाहिजे. सूक्ष्मजीवांची भाकरी म्हणजे कर्ब (लाकूड, पेंढा, कागद अशा सुक्या वस्तूंत भरलेला घटक). एक वाटा नत्राला पंचवीस-तीस वाटे कर्ब, असं त्यांचं जेवण. तुमच्याकडे सुकं काय आहे?”

मैथिलीनं आजूबाजूला बघितलं. चंद्रावर पेंढा नव्हता. पण पृथ्वीवरून आलेली प्रत्येक वस्तू खोक्यात येई, आणि त्या खोक्यात आणखी एक खोकं असे. सात वर्षांची खोकी कोठारात रचून ठेवली होती, कारण ती टाकायची कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“पुठ्ठा आहे,” ती म्हणाली. “आणि मक्याची वाळलेली ताटं.”

“झकास. पुठ्ठा फाडून बारीक कर. एक बादली शेण, दोन बादल्या सुकं. मीटरभर उंच ढीग कर, त्याहून लहान नको, नाहीतर ऊब टिकणार नाही. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. मुठीत दाबलंस तर एखाद-दुसराच थेंब यावा. आणि दोन्ही वाफ्यांतलं शेण काढून टाक. एका वाफ्यात नवी धूळ भर आणि शेवटपर्यंत तशीच ठेव.”

“ती कशाला? तिच्यात काही धड वाढणार नाही.”

“तेच तर दाखवायचंय. दोन वाफे शेजारी-शेजारी असले की वाद घालायला तोंड राहत नाही.”

ढीग उभा राहिला तो बाराव्या दिवशी. काळा, तपकिरी, मधूनच एखाद्या खोक्यावरचं ‘सांभाळून उचला’ असं वाचता येणारा.

मैथिली खूश होती. रोज संध्याकाळी ढिगाशेजारी बसायची. सतराव्या दिवशी मात्र ती शाळेतून आली आणि दारातच थबकली. ढिगातून पाणी गळत होतं. जमिनीवर काळी डबकी झाली होती. खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. आणि ढिगावर ओल्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या, नीट घडी घालून, शेजारी-शेजारी.

ढिगाच्या अंगात एक केस पेपर खोचला होता. मैथिलीनं तो काढून वाचला.

‘रुग्णाचं नाव : ढीग. वय : पाच दिवस. तक्रार : बोलत नाही. ताप : एकसष्ट अंश. इतका ताप असलेला रुग्ण यापूर्वी पाहण्यात नाही. उपचार : थंड पाण्याच्या पट्ट्या, दर तासाला. बर्फ, दोन घमेली. त्यानंतर पाणी, एक टाकी.’

सिस्टर शेजारीच उभी होती.

“ताप उतरला,” ती शांतपणे म्हणाली. “रुग्णाची प्रकृती आता स्थिर आहे.”

“सिस्टर, तो मेलाय.”

सिस्टरनं ढिगाची नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“नाडी आधीपासूनच लागत नव्हती,” ती म्हणाली.

मैथिली गोठ्यात गेली आणि मथुरेच्या पोटाला टेकून बसली. सतरा दिवस गेले होते. ढीग कुजायला दीड महिना तरी आणि मेथी काढायला यायला चार आठवडे लागतात, हे तिला माहीत होतं. वजाबाकी तिने तीनदा केली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच वाईट आलं. मथुरेनं मान वळवून तिच्या केसांचा वास घेतला आणि मका समजून थोडे चावून पाहिले.

मग तिने आबांना पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“सिस्टरला रागावलीस का?”

“हो.”

“नको रागावू. तिने ताप बरोबर पाहिला, अर्थ चुकीचा लावला. अशी चूक मोठमोठ्यांनी केलीय. तो ताप म्हणजे आजार नव्हता पोरी, ते जेवण चाललं होतं. तू पळून आलीस की अंग तापतं ना? सूक्ष्मजीव खातात, श्वास घेतात, वाढतात, त्याची ती ऊब. असे अब्जावधी एकत्र जेवायला बसले की ढीग साठ अंशांपर्यंत तापतो. आणि तो तापायलाच हवा. पंचावन्नच्या वर काही दिवस राहिला की रोगाचे जंतू मरतात, तणाचं बी मरतं.”

“मग आता मेले का सगळे?”

“सगळे कुठले मरतात. पाण्यानं ढिगातली हवा गेली. हवेवर जगणारे झोपले आणि हवेशिवाय जगणारे दुसरे जागे झाले. तो सडका वास त्यांचा. आता काय करायचं ते तूच सांग.”

मैथिली विचार करत राहिली. आबांनी या वेळी खरोखरच अडीच सेकंद दम धरला.

“पाणी जास्त झालं तर सुकं घालायचं,” ती हळूहळू म्हणाली. “म्हणजे अजून पुठ्ठा. आणि हवा हवी, तर ढीग खालवर करायचा. सगळा उलटापालटा.”

“मग मला कशाला फोन केलास?” आबा म्हणाले. म्हणजे ते फारच खूश होते.

सिस्टरला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने नवा केस पेपर काढला. रंकाळ्यात अर्ध्या दिवसात बातमी पसरली आणि कोठारातली खोकी फाडायला बारा माणसं आली. म्हैस जाणार म्हटल्यावर त्यांच्या हातांना भलताच वेग आला होता. विसाव्या दिवशी ढीग पुन्हा रचून झाला. तेविसाव्या दिवशी सकाळी सिस्टर मैथिलीच्या घरी आली.

“आनंदाची बातमी,” ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. “रुग्णाला साठ अंश ताप आहे.”

त्यानंतर सिस्टरसारखी काळजी कोणी घेतली नसेल. ती दिवसातून तीनदा ताप बघायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर रेघ ओढायची. रेघ चढली की समाधानानं मान हलवायची. पाच-सहा दिवसांनी रेघ उतरायला लागली की आतला ऑक्सिजन संपत आला, हे आता तिला कळत होतं. मग ती फावडं घेऊन ढीग खालवर करायची, बाहेरचा भाग आत, आतला बाहेर. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा वर. दारावर तिने पाटीही लावली : ‘रुग्णाला भेटण्याची वेळ चार ते सहा. फळं आणू नयेत. आणल्यास साली इथे ठेवाव्यात.’

पन्नासाव्या दिवशी ढीग खालवर केला, तरी ताप चढला नाही. मीटरभराचा ढीग अर्ध्यावर बसला होता. पुठ्ठा ओळखू येत नव्हता, शेणही ओळखू येत नव्हतं. सगळं काळं, भुसभुशीत. वास घेतला तर मैथिलीला कसलीतरी आठवण आली, पण कसली ते सांगता येईना. तिचा जन्म चंद्रावरचा नव्हता, ती चार वर्षांची असताना वर आली होती. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, “शेत.”

“आता पेरू?” तिने आबांना विचारलं.

“मला वाटतं अजून मुरायला हवं. लोणचं घातल्या दिवशी खातात का? पण माझं ऐकू नको, मेथीला विचार. एका पेल्यात हे खत घे, दहा दाणे पेर आणि बघ काय म्हणतात.”

पंचावन्नाव्या दिवशी पेल्यातली मेथी उगवली. पण टोकं पिवळी.

हा दिवस मैथिलीच्या फार दिवस लक्षात राहिला. आता पेरलं तर पस्तीस दिवस मिळत होते, पण मुळं भाजण्याची भीती होती. थांबलं तर दिवस कमी पडण्याची. बाबा म्हणाले, पेरूया. खोकी फाडणारी बारा माणसं म्हणाली, पेरूया. सिस्टर म्हणाली, रुग्णाला अजून घरी सोडता येणार नाही.

मैथिली पेल्याकडे बघत राहिली. एकदा तिने घाई केली होती आणि दहा दिवस गेले होते. पुन्हा गेले तर पुढे दिवसच नव्हते.

“थांबायचं,” ती म्हणाली.

बासष्टाव्या दिवशी दुसऱ्या पेल्यातले दहाच्या दहा दाणे उगवले, आणि सगळे हिरवेगार. मैथिलीनं तीन वाटे चंद्राच्या धुळीत एक वाटा खत मिसळलं आणि वाफा पेरला. शेजारच्या नुसत्या धुळीच्या वाफ्यातही तितकेच दाणे, तितकंच पाणी. उरले अठ्ठावीस दिवस.

नव्वदाव्या दिवशी रॉकेट उतरलं. त्यात एक मोठा रिकामा पिंजरा होता. वाघमारे मॅडम बागेच्या खोलीत आल्या तेव्हा दाराबाहेर सगळी वसाहत उभी होती.

नुसत्या धुळीच्या वाफ्यात अंगठ्याएवढी पांढुरकी रोपं वाकून उभी होती. खताच्या वाफ्यात वीतभर मेथी. इतकी दाट की माती दिसत नव्हती.

“याचं कारण सांग,” मॅडम म्हणाल्या. “नुसती मेथी दाखवू नकोस. कदाचित बियाणं चांगलं असेल.”

“बियाणं दोन्हीकडे तेच आहे.” मैथिलीनं दोन पेले पाणी घेतलं. एक पेला धुळीवर ओतला. पाणी आधी वर साचलं, मग वाफ्याच्या भोकांतून खाली वाहून गेलं. दुसरा पेला तिने मेथीच्या मुळाशी ओतला. खाली थेंबही आला नाही.

“चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही,” ती सांगू लागली, “म्हणून इथल्या धुळीचे कण झिजून गोल झालेले नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखे आहेत. त्यांच्यात पाणी धरायला काही नाही आणि झाडाला खायलाही फारसं काही नाही. खतात ह्यूमस (पूर्ण कुजून काळा झालेला, स्पंजासारखा भाग) असतो. तो पाणी धरतो. सूक्ष्मजीवांच्या चिकट रसानं धुळीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांच्यामध्ये फटी राहतात, फटींतून मुळांना हवा मिळते. आणि जेवण एकदम मिळत नाही, थोडं-थोडं मिळतं. ताजं शेण घातलं होतं तेव्हा एकदम मिळालं. मेथी मेली. तेव्हा मला कळलं.”

“काय कळलं?”

“की धुळीत खत घालून माती होत नाही. धुळीत कोणीतरी राहायला आलं की माती होते.”

मॅडमनी एक काडी खुडली. सिस्टरनं ती मेथी तपासून खायला योग्य असल्याची चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. मॅडम चावत राहिल्या. बराच वेळ.

“कडू आहे,” त्या म्हणाल्या.

मैथिली लगेच पुढे आली.

“मेथी कडूच असते, मॅडम.”

“हो.” वाघमारे मॅडम दुसरीकडे बघत होत्या. “सात वर्षांत विसरले होते. अजून थोडी खुड.”

पिंजरा रिकामाच परत गेला. जागा वाया जायला नको म्हणून त्यात उरलेली खोकी भरावीत असं रॉकेटच्या चालकानं सुचवलं. बारा माणसं खोक्यांसमोर आडवी उभी राहिली. एकही देणार नाही म्हणाली.

त्या दिवशी मैथिलीनं आबांना नवा प्रश्न विचारला.

“आबा, एका म्हशीच्या शेणात वर्षाला किती माती होईल?”

“नीट केलंस तर एका खोलीभर बाग होईल.”

“आणि अख्ख्या घुमटाची? आणि दुसऱ्या वसाहतींची? कितीतरी वर्षं लागतील.”

आबांनी उलट विचारलं.

“पृथ्वीवर आधी काय होतं माहीत आहे? खडक. नुसता खडक. त्याच्यावर कोणीतरी बारीक जीव राहायला आले, जेवले, मेले, त्यांच्यावर दुसरे आले. बोटभर मातीला शेकडो वर्षं गेली, आणि त्यांना मदतीला कोणी नव्हतं. ना शेण, ना पुठ्ठा, ना सिस्टर. तुम्ही तर नव्वद दिवसांत एक वाफा केलात.”

मैथिलीनं काचेबाहेर पाहिलं. करडी धूळ क्षितिजापर्यंत पसरली होती. तिने मनातल्या मनात गुणाकार करायला घेतला, आकडा फार मोठा झाला, तेव्हा तिने तो सोडून दिला आणि फावडं उचललं.

गोठ्यात मथुरा रवंथ करत उभी होती. तिला आकड्याची चिंता नव्हती. तिने शेपटी उचलली आणि कामाला लागली.